आधी तपासणीची सुई!

जिममधला सीनिअर म्हणतो, एक कोर्स मार. मोबाइलवरची जाहिरात म्हणते, तुझं टेस्टोस्टेरॉन कमी आहे. पण तुमचं रक्त काय म्हणतं, हे कुणी विचारलंय का?

संध्याकाळचे साडेसात. गोंदियातली एक जिम. स्पीकरवर पंजाबी गाणं, आरशासमोर गर्दी आणि डंबेल्सच्या खणखणाटात एक प्रश्न.

"काहून बे, चार महिने झाले, अंगाले काहीच लागून नाही राह्यलं?"

विचारणारा जिममधला सीनिअर. सगळे त्याला 'भाऊ' म्हणतात. ज्याला विचारलं तो माझा मित्र. नाव नको लिहू म्हणाला, म्हणून लिहीत नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे साडेचारला ग्राउंड, मग कॉलेज, संध्याकाळी जिम, रात्री अभ्यास आणि अभ्यासानंतर एक वाजेपर्यंत मोबाइल. हल्ली त्याला सतत थकल्यासारखं वाटायचं. चिडचिड व्हायची. वजन वाढत नव्हतं, आणि गोळाफेक होती तिथेच अडकली होती.

भाऊनं दोन मिनिटांत निदान केलं. "तुझं टेस्टो डाउन हाय. एक कोर्स मार. आठवड्याले एक सुई, दहा आठवडे. मग पाय."

मित्रानं रात्री मोबाइलवर शोधलं, तर एक क्विझच समोर आली. थकवा येतो का? झोप पुरत नाही का? कामात मन लागत नाही का? चिडचिड होते का? सगळ्याचं उत्तर 'हो'. निकाल आला, तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी असू शकतं!

आता खरं सांगा, परीक्षेच्या आठवड्यात ही क्विझ आपल्या अख्ख्या वर्गाला दिली तर कोण पास होईल?

मित्राचं मात्र ठरलं होतं. पैसेही बाजूला काढून ठेवले होते. त्याला अडवलं ते त्याच्या धाकट्या बहिणीनं. ती लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करतेय. तिनं एवढंच विचारलं, "दादा, कमी आहे म्हणतोस. मोजलं कुणी?"

मोजलं कुणीच नव्हतं.

टाकी, बॉलकॉक आणि टँकर

टेस्टोस्टेरॉन हे नाव ऐकलं की आपल्याला दंड आणि दाढी आठवते. पण या हार्मोनचं काम त्याहून बरंच मोठं आहे. हाडांची ताकद, रक्तातल्या लाल पेशी, शुक्राणू, लैंगिक इच्छा, मूड, या सगळ्यांत त्याचा वाटा असतो. मुलींच्या शरीरातही ते असतं, फक्त प्रमाण खूप कमी.

पुरुषांमध्ये ते बनतं वृषणात, पण हुकूम सुटतो मेंदूतून. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच नावाचे दोन निरोपे पाठवते. एलएच सांगतो, टेस्टोस्टेरॉन बनवा. एफएसएच शुक्राणू बनवण्याचं काम बघतो. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं, की मेंदू हे निरोप कमी करतो.

घराच्या गच्चीवरची टाकी आठवा. आत बॉलकॉक असतो. पाणी कमी झालं की बॉल खाली येतो आणि नळ सुरू होतो. टाकी भरली की बॉल वर आणि नळ बंद. आता कुणी वरून टँकरनं पाणी ओतलं तर? बॉल वर जाणार आणि घरचा नळ बंद पडणार. बाहेरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं की शरीरात नेमकं हेच होतं. मेंदूला वाटतं, टाकी तुडुंब आहे. एलएच, एफएसएच जवळजवळ थांबतात. वृषणांचं काम मंदावतं, ती आकसू लागतात, शुक्राणू घटतात.

म्हणूनच तपासणी 'आधी' हवी. एकदा टँकर ओतला, की घरच्या नळाला मुळात किती पाणी येत होतं ते सांगता येत नाही. सुई घेतल्यावर केलेल्या टेस्टमध्ये जो आकडा येतो तो सुईचा असतो, तुमचा नसतो.

ही नुसती भीती घालायची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चक्क पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. त्याचे निष्कर्ष 1990 साली प्रसिद्ध झाले. निम्म्याहून जास्त पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या शून्यावर गेली होती. जिममध्ये ज्याला 'कोर्स' म्हणतात, त्यातला डोस बहुतेकदा याच्या आसपास किंवा याहून जास्तच असतो. थांबवल्यावर बहुतेकांचं गाडं रुळावर येतं. पण त्याला कित्येक महिने लागू शकतात, आणि जे वर्षानुवर्षं घेतात त्यांच्याबाबतीत खात्री देता येत नाही.

291 चा धक्का

बहिणीचं ऐकून मित्र लॅबमध्ये गेला. कॉलेज सुटल्यावर, संध्याकाळी पाच वाजता, वाटेत समोसे खाऊन. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. टोटल टेस्टोस्टेरॉन 291 नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर. लॅबनं दिलेली खालची मर्यादा 300. बाजूला ठळक अक्षरात 'लो'.

भाऊ खूश. "मी म्हटलं होतं ना!"

डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, "रक्त किती वाजता दिलंस?"

टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखं नसतं. पहाटे आणि सकाळी ते सगळ्यात जास्त असतं. दुपारनंतर उतरतं, आणि तरुणांमध्ये हा उतार जास्त असतो. खाण्याचाही परिणाम होतो. साखर पोटात गेली की काही वेळ आकडा जवळजवळ चौथाईनं घसरू शकतो. म्हणून जगभरातले डॉक्टर म्हणतात, टेस्ट सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान आणि उपाशीपोटी करा. आणि एकदा कमी आली तर दुसऱ्या दिवशी लगेच घाबरू नका, काही दिवसांनी पुन्हा करा. कारण पहिल्या टेस्टमध्ये कमी आलेल्यांपैकी सुमारे 30 टक्के जणांची दुसरी टेस्ट नॉर्मल येऊ शकते.

डॉक्टरांनी मित्राला दुसरी गोष्ट विचारली. "झोपतोस किती?"

"साडेतीन तास. कधी चार."

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 10 निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं होतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी घसरलं होतं. पाच तासांत ही गत, तर साडेतीन तासांत काय?

दोन आठवडे रात्री मोबाइल बंद, साडेनऊला अंथरुणात. मग सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी, पुन्हा टेस्ट. आकडा आला 438. वयाची 19 ते 39 वर्षं असलेल्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांमध्ये 264 ते 916 ही नॉर्मल रेंज मानली जाते. म्हणजे मित्र मस्त मध्ये होता. त्याला सुई नको होती, झोप हवी होती.

एका आकड्यावर भागत नाही

पण समजा दुसऱ्यांदाही कमी आलं असतं, तर? तरी लगेच इंजेक्शन नाही. कमी 'का' आहे, ते आधी शोधायचं. त्यासाठी आणखी काही टेस्ट असतात. रिपोर्टवरची ही नावं ओळखीची असली तर डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं.

एलएच आणि एफएसएच : टेस्टोस्टेरॉन कमी आणि हे दोन्ही जास्त, म्हणजे मेंदू ओरडून सांगतोय पण वृषणं काम करत नाहीयेत. टेस्टोस्टेरॉन कमी आणि हेही कमी किंवा 'नॉर्मल'च, तर गडबड वरच्या हापिसात म्हणजे पिट्युटरीत असू शकते. आणि टेस्टोस्टेरॉन भरपूर पण एलएच शून्याच्या जवळ, तर बाहेरून काहीतरी घेतलं जात असल्याची शंका डॉक्टरांना येते. रिपोर्ट चुगली करतो!

एसएचबीजी आणि फ्री टेस्टोस्टेरॉन : रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरतं, मोकळं असतं जेमतेम दोन टक्के. वजन जास्त असेल तर एसएचबीजी हे प्रथिन कमी होतं आणि टोटल आकडा कमी दिसतो, पण मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं.

प्रोलॅक्टिन : हे वाढलं तर टेस्टोस्टेरॉन दबतं. काही औषधांनी किंवा पिट्युटरीवरच्या छोट्या गाठीनं ते वाढू शकतं. अशा वेळी इलाज वेगळाच असतो.

टीएसएच, म्हणजे थायरॉइड : थकवा, सुस्ती, मूड नसणं, ही सगळी लक्षणं थायरॉइडचीही असतात.

सीबीसी : साधी रक्ताची तपासणी. हिमोग्लोबिन कमी असेल तर थकवा त्यामुळे असू शकतो. उलट, टेस्टोस्टेरॉनच्या उपचारानं लाल पेशी वाढतात आणि रक्त घट्ट होतं. रक्तातल्या लाल पेशींचा वाटा, म्हणजे हिमॅटोक्रिट, 54 टक्क्यांच्या वर गेला तर डॉक्टर उपचार थांबवतात. सुरुवातीलाच तो वर असेल तर उपचार सुरूच करत नाहीत. जिममधला भाऊ हे बघतो का?

आपल्या जिल्ह्यात एक प्रश्न जास्तीचा

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा सगळा सिकलसेलचा पट्टा. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी 1958 सालीच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. 1 जुलै 2023 ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. शाळा-कॉलेजातल्या शिबिरात बोट टोचून घेतलेलं आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आपल्याकडे लग्न जुळवतानाही कार्ड विचारतात.

पण हार्मोनच्या गोष्टीत सिकलसेल कुठून आला? ज्यांना सिकलसेल आजार आहे, म्हणजे एसएस, त्यांच्यातले बरेच जण उशिरा वयात येतात. दाढी-मिशी उशिरा फुटते, उंची मागे राहते. त्यातल्या काहींचं टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी असतं. वर्गात त्यांना 'बच्चा' म्हणून चिडवलं जातं, आणि असा मुलगा गुपचूप सुई घ्यायला सगळ्यात आधी तयार होतो. नेमका त्याच्यासाठीच धोका मोठा. लाल पेशी वाढून रक्त घट्ट होणं सिकलसेलमध्ये परवडत नाही. त्याला उपचार लागू शकतो, पण तो तज्ज्ञ डॉक्टरांच्या हाताखालीच.

वाहक, म्हणजे एएस, असाल तर सहसा हार्मोनची अडचण येत नाही. पण डॉक्टरांना कार्ड दाखवा. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी टेस्टसुद्धा सिकलसेलमुळे चुकीची दिसू शकते.

सिकलसेल नसतानाही काही मुलांना खरंच उपचार लागतो. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये मुलात एक एक्स क्रोमोसोम जास्तीचा असतो. साधारण 600 मुलग्यांमागे एकाला तो असतो, आणि अनेकांना ते कळतही नाही. वयात आल्यावर गालफुगी होऊन वृषणं सुजली, लहानपणी वृषण खाली उतरलंच नव्हतं, वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याची खूणच नव्हती, यातलं काहीही असेल तर लाजू नका. तुम्हाला 'मर्दानगी'चा सल्ला नको, तपासणी हवी. तपासणी एकाला नको असलेल्या सुईपासून वाचवते, तशीच दुसऱ्याला हवा असलेला इलाज मिळवून देते.

ट्रान्स पुरुषांसाठी टेस्टोस्टेरॉन हा लिंगओळखीशी जुळणारा उपचार आहे. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यात हार्मोन उपचार आणि त्याआधी-नंतरच्या समुपदेशनाची सोय सरकारनं करावी, असं म्हटलं आहे. तिथेही नियम तोच. सीबीसी, लिव्हर, कोलेस्टेरॉल, हार्मोन्स आधी तपासायचे, पुढे मूल हवं का यावर बोलायचं, मग डॉक्टर डोस ठरवणार. घरी सांगता येत नाही म्हणून चोरून घेतलेल्या इंजेक्शनमध्ये यातलं काहीच होत नाही.

आणि मुलींनो, पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस, पिंपल्स अशी तक्रार असेल तर पीसीओएसच्या तपासणीत डॉक्टर तुमचंही टेस्टोस्टेरॉन मोजायला सांगतात. ते वाढलेलं आहे का, हे बघायला.

रक्त द्यायला जाताना

- आदल्या रात्री सात-आठ तास झोपा. जागरण करून, लग्नात नाचून थेट लॅबमध्ये जाऊ नका.
- सकाळी 7 ते 10 मध्ये, उपाशीपोटी जा. पाणी चालतं. चहा-पोहे रक्त दिल्यावर. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावहून येणार असाल तर पहिली गाडी पकडा किंवा आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे मुक्काम करा.
- ताप, सर्दी, मलेरिया असताना टेस्ट करू नका. आजारपणात आकडा खाली जातो. आदल्या दिवशी जबरदस्त वर्कआउटही नको.
- केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या, गमीज खात असाल तर आधी सांगा. बायोटिनमुळे हार्मोनच्या काही टेस्ट खोट्या येतात.
- वजन वाढवायच्या नावाखाली मिळणाऱ्या गोळ्यांत स्टेरॉइड असू शकतं. अशी पाकिटं असतील तर डॉक्टरांना नेऊन दाखवा.
- दुसरी टेस्ट शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. लॅब बदलली की पद्धत आणि रेंज बदलू शकते.
- रिपोर्ट स्वतः वाचा, पण निर्णय डॉक्टरांवर सोडा. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुरुवात मेडिसिनच्या ओपीडीतून करता येते. गरज पडली तर हार्मोन्सच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, नागपूरला जायची वेळ येईल.

अजून एक. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं बंदी आहे. म्हणजे जिमच्या बॅगेतून निघालेल्या बाटलीत नेमकं काय आहे, याची जबाबदारी कुणावरच नाही. स्पर्धेत खेळणाऱ्यांसाठी तर टेस्टोस्टेरॉन बारमाही बंदी असलेल्या यादीत आहे. उंची वाढायची बाकी असेल तर हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते. आणि एकच सुई दोघांनी वापरली तर एचआयव्ही आणि काविळीचा धोका वेगळाच.

भाऊचा आकडा

मित्रानं बाजूला काढलेल्या पैशांतून टेस्ट झाल्या, आणि उरलेल्यातून महिनाभराची अंडी आणि शेंगदाणे आले. गोळा आता थोडा पुढे पडतो. भरतीचं काय होईल ते होईल.

पण गोष्ट इथं संपत नाही. एके दिवशी जिम बंद झाल्यावर भाऊनं त्याला थांबवलं. हळूच विचारलं, "त्या लॅबवाल्याचा पत्ता देशील का?"

भाऊनं दोन वर्षांत तीन कोर्स मारले होते. शेवटचा संपून चार महिने झाले होते. आता उठवत नव्हतं, मन कशातच लागत नव्हतं, आणि उन्हाळ्यात लग्न ठरलं होतं. सकाळी, उपाशीपोटी, रीतसर टेस्ट झाली. टेस्टोस्टेरॉन बरंच कमी. एलएच, एफएसएच तळाला. डॉक्टरांनी सगळं खरं सांगायला लावलं. काय घेतलं, किती, कधी. ओरडले नाहीत. म्हणाले, शरीर परत कामाला लागेल अशी आशा आहे, महिने लागतील, दर काही आठवड्यांनी मोजत राहू. मग विचारलं, "सुरू करण्याआधी तुझा आकडा किती होता?"

भाऊकडे उत्तर नव्हतं. बाहेर आल्यावर तो मित्राला म्हणाला, "माझा आधीचा आकडा किती होता, मलेच माहीत नाही बे."

तुम्हीही आधीच घेतलं असेल, घेत असाल, तर लपवू नका आणि मनानंच काही करूही नका. डॉक्टरांना सगळं सांगा. शरीराच्या लाजेनं किंवा कोर्स सोडल्यानंतर मन फार खचलं असेल तर टेलिमानसच्या 14416 या नंबरवर फुकट बोलता येतं.

आणि अजून घेतलं नसेल, तर उद्या जिममध्ये कुणी म्हणालं, "तुझं टेस्टो डाउन हाय," तर त्याला माझ्या मित्राच्या बहिणीचा प्रश्न विचारा.

मोजलं कुणी?